झिओलाइट कॅटलिस्ट आणि जड तेल: नेहमी येणारे प्रश्न, एकदाच सविस्तर

प्रोजेक्ट वाटप झालं की फोन सुरू होतात. अक्का वाय कसं बनवायचं, अक्का एक्सआरडीत भलतंच काहीतरी आलंय, अक्का सोडियम जाईना. वाय हा झिओलाइटचा एक प्रकार, आणि एक्सआरडी म्हणजे एक्स-रेनं पावडरीतले स्फटिक ओळखायची तपासणी. फोन करणारे बेळगावच्या आसपासचे, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडचे, बरेचजण दहावीपर्यंत मराठी मीडियमचे, आणि पेपर सगळे इंग्लिशमध्ये, त्यामुळे गाईडला विचारायला लाजतात आणि मला रात्री दहाला विचारतात. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतेय. वाचा, मग फोन करा.

झिओलाइट म्हणजे दगड की पावडर?

दोन्ही. १७५६ मध्ये क्रोनस्टेड नावाच्या स्वीडिश माणसानं एक दगड तापवला तर त्यातून पाणी उकळल्यासारखं बाहेर यायला लागलं, म्हणून ग्रीकमधून नाव पडलं, उकळणारा दगड. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, ह्युलँडाइट असली झिओलाइटं सापडतात, पुणे-नाशिक-जळगावकडची तर जगभरच्या म्युझियममध्ये आहेत. पण जड तेल तोडायला कॅटलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणून वापरतात ते कारखान्यात किंवा लॅबमध्ये बनवलेलं, पांढरी पावडर. आत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा सांगाडा आणि त्यात ठराविक मापाची भोकं. चांगल्या वाय झिओलाइटच्या एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे कबड्डीची पाच मैदानं एका चिमटीत.

सांगाड्यात जिथं ॲल्युमिनियम बसतं तिथं एक ऋण भार राहतो, त्याला सांभाळायला सोडियम येतं. त्या सोडियमच्या जागी हायड्रोजन बसवला की तिथं ॲसिड तयार होतं आणि तेच तेलाचे रेणू तोडतं. हे एवढं वाक्य पाठ करा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

जड तेल म्हणजे किती जड?

क्रूडमधलं पेट्रोल, डिझेल वगैरे काढून झाल्यावर खाली जे राहतं ते. व्हॅक्युम गॅस ऑईल साधारण ३५० ते ५४० अंशांच्या मधलं, आणि त्याच्याही खाली राहतं ते रेसिड्यू, थंड झालं की डांबरासारखं. त्यात ॲस्फाल्टीन म्हणजे डांबरातले मोठमोठे रेणू असतात, सल्फर, नायट्रोजन असतो, आणि निकेल व व्हॅनेडियम हे दोन वैरी असतात. काही ठिकाणी जमिनीतून निघणारं क्रूडच जड असतं, उदाहरणार्थ गुजरातेत मेहसाण्याकडं बालोल आणि सांथल, तिथं तेल वाहतं व्हावं म्हणून जमिनीच्या आतच थोडं तेल जाळतात.

मग कुठलं झिओलाइट घ्यायचं?

वाय. बहुतेकांसाठी उत्तर वायच आहे. त्याचं दार, म्हणजे भोकाचं तोंड, ०.७४ नॅनोमीटरचं आणि आतली खोली १.३ नॅनोमीटरची. झेडएसएम-५ चं दार ०.५५ च्या आसपास, ते प्रोपिलीन वाढवायला आणि पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला थोडं घालतात, मुख्य काम त्याचं नाही. बीटा मधलं, पण त्याला टेम्प्लेट, म्हणजे ज्याच्याभोवती सांगाडा उभा राहतो तो सेंद्रिय रेणू, लागतं आणि ते महाग.

आता खरी गोम ऐका. ॲस्फाल्टीनचा रेणू वायच्या दारापेक्षाही मोठा असतो. म्हणजे बेळगावच्या खडे बाजारातल्या बोळात बारा चाकी ट्रक घालायचा प्रकार. तो आत जातच नाही, दारात अडकून बसतो आणि वर कोकचा, म्हणजे कार्बनचा काळा थर चढतो. बाजारात काय करतात, ट्रक बाहेर थांबवून माल छोट्या हत्तीत उतरवतात आणि मग आत नेतात. तसंच इथं आधी बाहेरच्या मॅट्रिक्सवर, म्हणजे मोठ्या भोकांच्या ॲल्युमिनावर, रेणूचे मोठे तुकडे होतात आणि मग ते वायच्या आत जातात. म्हणून "मी झिओलाइट बनवलं आणि त्यानं रेसिड्यू क्रॅक केलं" असं कोणी व्हायव्हाला सांगितलं की मी पहिलं विचारते, आत गेलं कसं?

सोडियम वायची खात्रीची रेसिपी सांगा की.

सांगते. आधी सीड जेल: कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), सोडियम ॲल्युमिनेट, पाणी, सोडियम सिलिकेट. ऑक्साइडच्या मोलच्या हिशोबात सोडियम ऑक्साइड १०.७, ॲल्युमिना १, सिलिका १०, पाणी १८०. प्लास्टिकच्या बाटलीत झाकून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवा, ढवळू नका. दुसऱ्या दिवशी मेन जेल: सोडियम ऑक्साइड ४.३, बाकी तेच, १, १०, १८०. हे जोरात ढवळायचं, एकजीव झालं पाहिजे, आणि मग त्यात सीड एवढंच घालायचं की एकूण ॲल्युमिनियमपैकी साधारण ५ टक्के सीडमधून येईल. दही लावताना विरजण घालतो तसंच, जास्त विरजणानं दही चांगलं होत नाही. मग १०० अंशांना, न ढवळता, सात तासांच्या आसपास.

सीड वगळलं तर चालतं का म्हणून विचारू नका. सीड एक दिवस मुरवणं हीच खरी युक्ती आहे.

बाहेर काढल्यावर वरचं पाणी नितळ आणि खाली पांढरा गाळ बसलेला दिसला तर काम झालंय. अजून खळीसारखं असेल तर परत आत ठेवा. मग गाळायचं, पीएच ९ च्या खाली येईपर्यंत धुवायचं, १०० ते ११० अंशांना रात्रभर वाळवायचं.

मी सगळं तसंच केलं, तरी एक्सआरडीत पी आलंय. का?

वायचा पहिला पीक ६.२ अंशांच्या आसपास असतो, उंच आणि एकटा. १२.५, २१.७ आणि २८.१ ला पीक दिसायला लागले की ते पी झिओलाइट, भोकं बारीक, आपल्या उपयोगाचं नाही. वाय हे वाटेतलं स्टेशन आहे, जास्त वेळ ठेवलं की गाडी पुढं जाते आणि पी होतं. म्हणून "रात्रभर ठेवलं, सकाळी काढलं" हा आळस इथं चालत नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत दोन घोटाळे झाले. पहिला करंटचा. रात्री करंट गेला, ओव्हन गार झाला, पहाटे परत सुरू झाला, मी आठ वाजता येऊन सात तासांचा हिशोब कुठून धरायचा ते बघत बसले. शेवटी अंदाजानं बाहेर काढलं, अर्धं पी. तेव्हापासून सकाळी सातला लावते आणि दुपारी दोनला समोर बसून काढते.

दुसरा घोटाळा जास्त शिकवून गेला. सोडियम सिलिकेट संपलं होतं, ऑर्डर यायला वेळ, म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीतून कॅनभर आणलं. आपल्याकडच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यात सोडियम सिलिकेट घालून वरून कार्बन डायऑक्साइड सोडतात, साचा दगडासारखा घट्ट होतो, त्यासाठीचं ते. दिसायला तेच, घट्ट काकवीसारखं. पण फाउंड्रीच्या मालात सिलिका आणि सोडियम ऑक्साइडचं प्रमाण २ ते २.५ च्या घरात असतं आणि आपल्या रेसिपीला ३.२ च्या आसपासचं लागतं. म्हणजे मी नकळत भरमसाट अल्कली घातली होती. तीन बॅच वाया गेल्या, मी ओव्हनला शिव्या देत बसले, आणि दोष कॅनमध्ये होता. आता कुठलंही सिलिकेट आलं की आधी टायट्रेशन करून सोडियम ऑक्साइड काढते, मग बाकीचं कॉस्टिक ठरवते.

ऑटोक्लेव्ह विकत घ्यायचा की इथंच करून घ्यायचा?

वायसाठी ऑटोक्लेव्हची, म्हणजे प्रेशर सोसणाऱ्या बंद डब्याची, गरजच नाही, जाड पॉलिप्रॉपिलीनची झाकणाची बाटली पुरते. झेडएसएम-५ ला १५० ते १८० अंश लागतात, तिथं ऑटोक्लेव्ह पाहिजे. उद्यमबागेत लेथवाला स्टीलचा करून देतो, आतला टेफ्लॉनचा डबा पण. फक्त त्याला नुसतं "डबा करून द्या" म्हणू नका, आत प्रेशर येतंय हे सांगा आणि भिंतीची जाडी गाईडकडून लिहून घ्या. दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरायचा नाही, २०० च्या वर न्यायचा नाही, आणि गरम असताना उघडायचा नाही. नळाखाली धरून गार करणारे पण बघितलेत मी. टेफ्लॉन एकदा वाकडं झालं की कायमचं गळतंय.

खानापूरची माती, उसाची राख, भाताचं तूस, यातून होतं का?

होतं, आणि प्रोजेक्ट म्हणून छान दिसतं, पण फुकटात होतं असं समजू नका.

माती: खानापूरला कुंभारकामाची संस्था आहे, तिकडच्या मातीचं नाव पूर्वीपासून. पण कुंभाराला चांगली ती माती आपल्याला चांगली असेलच असं नाही. लाल रंग म्हणजे लोह, आणि लोह तेलात कोक वाढवतं. पांढरं केओलिन, म्हणजे चिनी माती, मिळालं तर ७०० अंशांच्या आसपास भाजून मेटाकेओलिन करायचं, कच्चं केओलिन कॉस्टिकला दाद देत नाही. त्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकास एक असतं, त्यामुळे सरळ शिजवलं तर ए झिओलाइट होतं, वॉशिंग पावडरमधलं. वाय पाहिजे तर वरून सिलिका घालावी लागते. मोठे उत्पादक केओलिनच्या बारीक गोळ्यांच्या आतच वाय उगवतात, कल्पना तीच.

तूस: भाताचं तूस ६०० ते ७०० अंशांच्या आत जाळलं तर पांढरी, विरघळणारी सिलिका मिळते. जास्त तापलं की तिचं क्रिस्टोबलाइट होतं आणि मग ती विरघळायला त्रास देते. जाळायच्या आधी पातळ ॲसिडनं धुतलं तर पोटॅशियम जातं आणि राख जास्त पांढरी येते.

उसाची राख: साखर कारखान्याच्या बॉयलरची राख काळी असते, त्यात न जळलेला कार्बन आणि शेतातली वाळू. माझ्या मते तुसाच्या नादाला लागा, या राखेच्या लागू नका.

आणि सोडियम ॲल्युमिनेट? बॉक्साइट गरम कॉस्टिकमध्ये विरघळवलं की जे मिळतं तेच. बेळगावात हिंडाल्कोचा अल्युमिनाचा कारखाना आहे, तिथली बायर प्रोसेस म्हणजे मुळात हेच काम मोठ्या टाक्यांमध्ये. इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तर नुसते फोटो काढून येऊ नका, डायजेस्टर, म्हणजे बॉक्साइट विरघळवायची टाकी, बघा.

सोडियम तीनदा एक्स्चेंज करूनही जात नाही. काय चुकतंय?

काही चुकत नाहीये. एक्स्चेंज म्हणजे सोडियमच्या जागी आधी अमोनियम बसवणं, मग भाजलं की अमोनिया उडून जातो आणि हायड्रोजन राहतो. इथं गडबड करू नका. लोक क्रिस्टल वाढवण्यात दोन महिने घालवतात आणि एक्स्चेंज दोन दिवसांत उरकतात, कॅटलिस्ट मात्र इथंच बनतो नाहीतर इथंच मरतो.

१० ग्रॅम पावडर, १०० मिली एक मोलर अमोनियम सल्फेट, ८० अंश, एक-दीड तास ढवळायचं, गाळायचं, गरम पाण्यानं धुवायचं, परत तेच. अमोनियम नायट्रेटनं पण होतं पण २०१२ पासून त्याच्या साठ्यावर सरकारी नियम कडक आहेत, कशाला ती झंझट. सल्फेट नीट गेलंय का बघायला धुतलेल्या पाण्याच्या नितळ थेंबात बेरियम क्लोराइडचा थेंब टाका, पांढरं झालं तर अजून धुवा. पीएच ४ च्या खाली जाऊ देऊ नका, सोडियम वायला ॲसिड अजिबात सोसत नाही, सांगाडाच ढासळतो.

यातून तीन चतुर्थांशच्या आसपास सोडियम निघतं आणि मग अडतं. राहिलेलं बारीक खोल्यांमध्ये बसलेलं असतं, तिथल्या दारातून पाण्यानं वेढलेला अमोनियम आत जात नाही. कितीही वेळा ढवळा, ते हलत नाही. उपाय म्हणजे मध्ये एकदा भाजायचं, ५०० अंशांच्या वर, थोड्या वाफेत. तापलं की आतलं सोडियम मोठ्या खोलीत सरकतं. मग परत एक्स्चेंज. एक्स्चेंज, भाजणं, एक्स्चेंज हाच क्रम. शेवटी सोडियम ऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणा, सुरुवात १३ टक्क्यांपासून असते.

मोजायचं कसं? पावडर विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड हातात घेऊ नका, त्यापेक्षा गाळलेलं पाणी मोजा. कॉलेजात माती तपासायचा फ्लेम फोटोमीटर असतोच. १० ग्रॅम कोरड्या सोडियम वायमध्ये सुमारे ०.९६ ग्रॅम सोडियम असतं, प्रत्येक वेळच्या गाळलेल्या पाण्यात किती आलं ते बेरीज करत जा, वहीत लिहा. "कोरड्या" म्हटलंय मी. पावसाळ्यात आपल्याकडं उघडी ठेवलेली पावडर वजनाच्या पावपट पाणी पिऊन बसते, १० ग्रॅम मोजलंत तर झिओलाइट साडेसातच.

एवढा आटापिटा कशाला, तर सोडियम ॲसिडची जागा अडवतं आणि वर वाफेत सांगाडा लवकर पाडतं.

स्टीमिंग म्हणजे काय? नुसतं मफलमध्ये भाजलं तर नाही का चालत?

नाही. रिफायनरीत कॅटलिस्ट रिजनरेटरमध्ये, म्हणजे त्याच्यावरचा कोक जाळायच्या भट्टीत, ७०० अंशांच्या आसपास वाफेत फिरत असतो. साधं एचवाय, म्हणजे हायड्रोजन बसवलेलं वाय, तिथं फार टिकत नाही. म्हणून आधीच वाफ देऊन सांगाड्यातलं थोडं ॲल्युमिनियम काढून टाकायचं, त्या रिकाम्या जागी सिलिका सरकून बसते आणि घर पक्कं होतं. यालाच अल्ट्रास्टेबल वाय म्हणतात. युनिट सेल, म्हणजे सांगाड्याचा पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान ठोकळा, २४.६५ अँगस्ट्रॉमवरून २४.५ च्या आसपास येतो, एक्सआरडीत पीक थोडे उजवीकडं सरकलेले दिसतात. आणि जाता जाता १० ते २० नॅनोमीटरच्या पोकळ्या पडतात, जड तेलाला त्याचाच फायदा.

आमच्याकडची पद्धत: ट्यूब फर्नेसमध्ये क्वार्ट्झची नळी, नायट्रोजन गरम पाण्याच्या फ्लास्कमधून बुडबुडे काढत न्यायचा. पाणी ९० अंशांना ठेवलं की वाफेचं प्रेशर ७० किलोपास्कल. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, इथं हवेचंच प्रेशर ९२-९३ किलोपास्कल, म्हणजे गॅसमध्ये पाऊण हिस्सा वाफ. मुंबईच्या पेपरमधला ७० टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा उतरवू नका. नळीचा बाहेरचा भाग हीटिंग टेपनं गुंडाळा, नाहीतर वाफेचं पाणी होऊन थेंब गरम क्वार्ट्झवर पडतो आणि नळी तडकू शकते. आमची तडकलीय.

फर्नेस नसेल तर गरिबाची युक्ती: अमोनियम वाय खोल क्रुसिबलमध्ये दाबून भरून झाकण लावून भाजायचं. आतली वाफ बाहेर पडत नाही आणि आपोआप स्टीमिंग होतं. म्हणूनच एकाच पावडरचे दोघांचे रिझल्ट वेगळे येतात, एकानं पसरट बशीत पातळ थर केलेला असतो, दुसऱ्यानं ढीग. थराची जाडी लिहून ठेवा.

वाफेनंतर सांगाड्याबाहेर पडलेलं ॲल्युमिनियम भोकांत अडकून राहतं. पातळ सायट्रिक ॲसिडनं सावकाश धुतलं तर वाट मोकळी होते. सगळं काढू नका, थोडं राहिलेलं फायद्याचं असतं.

झेडएसएम-५ मध्ये मोठी भोकं पाडता येतात का?

येतात, कॉस्टिकनं. ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ६५ अंश, ३० मिनिटं, आणि लगेच बर्फात. सिलिकॉन-ॲल्युमिनियम प्रमाण २५ ते ५० असेल तरच नीट जमतं. कमी असेल तर काही होत नाही, जास्त असेल तर पावडरच विरघळते. नंतर परत अमोनियम एक्स्चेंज करायचं असतं, हे निम्मे लोक विसरतात.

पावडर तशीच वापरायची का?

नाही, उडून जाईल. एफसीसीच्या, म्हणजे रिफायनरीत जड तेल तोडणाऱ्या फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंगच्या, कॅटलिस्टमध्ये झिओलाइट १५ ते ४० टक्के, बाकी केओलिन, ॲल्युमिना आणि बाइंडर, आणि स्प्रे ड्राय करून ७० मायक्रॉनच्या आसपासचे गोळे. लॅबमध्ये स्प्रे ड्रायर नसतो. स्यूडोबोहेमाइटमध्ये, म्हणजे ॲल्युमिनाच्या पाणी धरलेल्या पावडरीत, पातळ नायट्रिक ॲसिड घालून मळायचं, भाकरीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट, सिरिंजमधून शेवया पाडायच्या, वाळवून ५५० ला भाजायच्या, मोडून चाळायच्या. पीठ सैल झालं तर शेव वाळताना तडकते.

निकेल आणि व्हॅनेडियम नेमकं काय करतात?

निकेल हायड्रोजन काढतं, म्हणजे कोक आणि गॅस वाढतो. त्यावर अँटिमनी घालून त्याला गप्प बसवतात, १९७० च्या दशकापासून. व्हॅनेडियम जास्त वाईट. त्याचं ऑक्साइड ६९० अंशांच्या आसपास वितळतं, कॅटलिस्टभर पसरतं आणि वाफेबरोबर ॲसिड होऊन वायचा सांगाडाच खातं. सोडियम राहिलेलं असेल तर दोघं मिळून अजून कमी तापमानाला वितळतात. बघा, परत सोडियम. म्हणून आत येणारं तेल फार घाण असेल तर आधी मोठ्या भोकांच्या ॲल्युमिनावरच्या कोबाल्ट-मॉलिब्डेनमवरून नेतात, धातू तिथंच अडवतात आणि मग झिओलाइटकडं पाठवतात.

हायड्रोक्रॅकिंगचा कॅटलिस्ट वेगळा का?

हायड्रोक्रॅकिंग म्हणजे हायड्रोजनच्या प्रेशरखाली तेल तोडणं, त्याला ॲसिडबरोबर धातूही लागतो, निकेल-मॉलिब्डेनम किंवा निकेल-टंगस्टन. आधी सुक्या शेवयांवर ब्युरेटमधून थेंब थेंब पाणी टाकून किती पितात ते बघा, नेमक्या तेवढ्याच पाण्यात अमोनियम हेप्टामॉलिब्डेट आणि निकेल नायट्रेट विरघळवून शिंपडा. मग ४५० ला भाजून, रिॲक्टरमध्ये डायमिथाइल डायसल्फाइड देऊन सल्फाइड करायचं. वास असा की हॉस्टेलवाले तक्रार करतात. एक्झॉस्ट चालू आहे का ते आधी बघा, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो वासाच्या पलीकडचा विषय आहे.

टेस्ट कशानं करायची, रेसिड्यू कुठून आणू?

सुरुवातीलाच रेसिड्यू नको. आधी क्युमीन, हा लहान रेणू, ते वायच्या आत सहज जातं. मग ट्रायआयसोप्रोपिलबेन्झीन, हा मोठा, ते जवळजवळ जात नाही. दोन्हीचे आकडे शेजारी ठेवले की दार किती उघडलंय ते कळतं, कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. फर्नेस ऑईल बॉयलरवाल्यांकडं मिळतं पण प्रत्येक बॅच वेगळी, शिकायला ठीक, पेपरला नाही.

आमच्या काकांचं गॅरेज आहे निपाणीला, जुन्या इंजिन ऑईलमध्ये हे घातलं तर पेट्रोल होईल का?

दरवर्षी एक काका असतातच. नाही होणार, काका. जुन्या ऑईलमध्ये झिंक, फॉस्फरस, कॅल्शियम असतं, कॅटलिस्ट बघता बघता मरतो. आणि गॅरेजमध्ये ५०० अंशांना तेल तापवणं म्हणजे आग लावणं. अधिकृत रीसायकलवाल्याला द्या.

पुढं नोकरी कुठं?

जवळचं म्हणजे मंगळूरची रिफायनरी. रिसर्चला पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), झिओलाइटचं काम तिथं जुनं आहे, त्यांचे एन्सिलाइट कॅटलिस्ट १९८० च्या दशकात उद्योगात गेले. शिवाय डेहराडूनची आयआयपी (भारतीय पेट्रोलियम संस्था), फरीदाबादचं इंडियन ऑईलचं संशोधन केंद्र. कन्नड येत नसेल तर मंगळूरला अडत नाही, पण शिकून ठेवा की, इथंच तर राहता.

डिस्टिल्ड वॉटरच पाहिजे का? विहिरीचं नाही चालत?

झिओलाइट हे पाण्यातलं कॅल्शियम ओढून घ्यायलाच प्रसिद्ध आहे. विहिरीच्या पाण्यानं धुतलंत तर तुम्ही काढलेल्या सोडियमच्या जागी कॅल्शियम येऊन बसतं, म्हणजे घरातून भाडेकरू काढला आणि दुसरा घुसला. बॅटरीवाल्याकडचं पाणी आणत असाल तर आधी कंडक्टिव्हिटी मोजा, कॅनवर लेबल काहीही असतंय.